बुजवलेली नाही

चिठ्ठी चार बोटं रुंद होती आणि मी तिला क्रमांक देऊन मोकळी झाले होते. अकराशे सत्तावीस. कागद : पाण्याच्या मीटरचं रद्द झालेलं कोरं कार्ड, मागची बाजू. शाई निळी. स्थिती बरी, कोपऱ्यांना गंज. विषय : विहीर. एवढं टाइप करून मी पुढच्या चिठ्ठीकडे हात नेला आणि हात तिथेच राहिला, कारण मघाशी डोळ्यांनी वाचलेलं आता कुठे डोक्यात पोचत होतं. ‘इथे विहीर आहे. बुजवलेली नाही. तोंडावर फळ्या टाकून वर मुरूम पसरला आहे. फळ्या सागाच्या नाहीत.’ खाली तारीख, एकवीस वर्षांपूर्वीची. बस. मी चिठ्ठी उलटून पाहिली, उजेडासमोर धरून पाहिली. इथे. इथे म्हणजे कुठे? वाचनालयाच्या त्या मागच्या खोलीत पंखा फिरत होता, पलीकडे कुणीतरी वर्तमानपत्राची पानं उगाचच्या उगाच फडफडवत होतं, आणि मला एकदम पायाखालच्या फरशीचा भरवसा वाटेना. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले. पदवीधर बाई, एका मुलीची आई, मांडी घालून खुर्चीवर. कुणी बघितलं असतं तर हसलं असतं.

आधी राग आला तो त्या माणसाचाच. कसला माणूस म्हणायचा हा! फळ्या कुठल्या लाकडाच्या नाहीत हे लिहायला सुचलं आणि जागा लिहायला सुचलं नाही? त्यांना सगळं गाव मीटरवाले म्हणायचं. चौतीस वर्षं ते पाण्याचे मीटर वाचत घरोघर हिंडले, आणि आकडा वहीत उतरवून झाला की खिशातून एक कोरं कार्ड काढून त्यावर आणखी काहीतरी लिहायचे. या घराचं दार पूर्वी पूर्वेला होतं. इथे दोन भाऊ बोलत नाहीत, म्हणून दोन मीटर. हा रस्ता बैलगाडीनं ठरवला, माणसांनी नाही. इथली बाई म्हणते की तिच्या सासूच्या वेळी या भिंतीपलीकडे घोडे बांधत. असल्या साडेतीन हजार चिठ्ठ्या, पत्र्याच्या अकरा पेट्यांत. मागच्या वर्षी ते गेले आणि त्यांच्या पत्नीनं पेट्या वाचनालयाला देऊन टाकल्या. ‘इतिहासासाठी’ असं साहेब भाषणात म्हणतात. काकूंनी स्वतः मला सांगितलं होतं, ‘इतिहास कसला गं, मला पलंग सरकवायला जागा नव्हती.’ वाचनालयाला शंभर वर्षं होणार, प्रदर्शन भरणार, म्हणून मला सहा महिन्यांच्या करारावर घेतलं : कागद लावायचे, यादी करायची, बऱ्यापैकी असतील ते काचेखाली ठेवायचे.

चिठ्ठी घेऊन मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे ग्रंथपाल, पालिकेत चांगलं वजन असलेले, पण त्यांना ग्रंथपाल म्हटलेलं आवडत नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती वाचली, परत दिली आणि बोटं पुसली.

‘मग?’

‘मग म्हणजे, साहेब, कुठेतरी उघडी विहीर आहे.’

‘उघडी कुठे? फळ्या आहेत म्हणतात ना.’

‘एकवीस वर्षांपूर्वी होत्या. आणि सागाच्या नाहीत.’

‘मॅडम,’ साहेबांनी मला समजावण्याचा सूर लावला, तो सूर माझ्या ओळखीचा आहे, बाळंतपणात डॉक्टर तोच लावायचे, ‘मॅडम, आपल्याला इतिहास हवाय. विहिरी, गटारं, कोण कुणाशी बोलत नाही, हे नकोय. संस्थापकांबद्दल काही सापडतंय का बघा. या माणसानं चौतीस वर्षांत एका तरी मोठ्या माणसाबद्दल लिहिलं असेलच की.’

‘संस्थापकांवर एक चिठ्ठी आहे.’

‘बघा! काय म्हणतात?’

‘मीटर बंद पाडून पाणी वापरायचे म्हणून.’

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मुलाखत संपली.

मी भित्री आई आहे. हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यांना त्रास नको. भिंगरी अडीच वर्षांची आहे. ती एका जागी टिकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. मी तिच्या द्राक्षाचे चार तुकडे करते. प्लगच्या भोकांवर चिकटपट्टी लावते, टेबलांच्या कोपऱ्यांना जुने मोजे बांधते, गॅलरीला जाळी बसवून घेतली तेव्हा ती हातानं ओढून बघितली आणि बसवणाऱ्याला म्हटलं, तुम्ही लोंबकळून दाखवा. नवरा सगळ्यांना सांगत सुटतो, ‘हिच्या हातात असतं तर हिनं पृथ्वीलाच कठडा लावला असता.’ लोक हसतात, मीही हसते. पण दवाखान्यात नर्सनं ते गाठोडं माझ्या हातात देऊन ‘घ्या, आता तुमच्या ताब्यात’ असं म्हटलं आणि ती चक्क निघून गेली, तेव्हा मला जे वाटलं ते अजून गेलेलं नाही. मला वाटलं, हिची काहीतरी चूक होतेय, असं कुणी कुणाच्या ताब्यात काही देतं का, सही नाही, पावती नाही. तेव्हापासून मी नजर ठेवून आहे. खिडक्यांवर, जिन्यांवर, कुत्र्यांवर, लोकांच्या हातांवर. आणि आता ही चिठ्ठी मला सांगत होती की मी सगळीकडे बघितलं, फक्त खाली बघितलं नाही. त्या संध्याकाळी वाचनालयातून घरी येताना मी प्रत्येक मोकळ्या जागेशी थबकत होते. पेट्रोलपंपामागचं पटांगण. दोन इमारतींमधली पार्किंगची जागा, जिथे पोरं चेंडू खेळतात. बसथांब्यामागे उगवलेलं गवत. या गावात मुरूम पसरलेल्या जागा किती आहेत हे मी त्याआधी कधी मोजलं नव्हतं. एके ठिकाणी मी बुटाची टाच आपटून आवाज ऐकायचा प्रयत्न केला, तेवढ्यात ओळखीचा दुकानदार ओरडला, ‘काय ताई, झुरळ का?’

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. दोन खोल्या, पेट्या गेल्यामुळे भिंतीवर अकरा चौकोन रंग न उडालेले, आणि मधोमध तो पलंग, आता ऐटीत सरकवलेला. काकूंनी चिठ्ठी हातात घेतली, वाचली नाही, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

‘टाचणी कुठाय?’

‘काढली. गंजलेल्या टाचण्या कागदाला वाईट असतात. सगळ्याच काढल्या.’

‘सगळ्या?’

‘हो. आणि चिठ्ठ्या वर्षाप्रमाणे लावल्या. आता बघा किती छान सापडतं, कुठलंही साल काढा...’

काकूंनी चिठ्ठी खाली ठेवली. मग हसल्या, आणि ते हसू चांगलं नव्हतं. ‘अगं बाई, तू शिकलेली आहेस ना?’

मग त्यांनी मला सांगितलं. एका जागी बसून, चहा गार होईपर्यंत, आठवीतल्या मुलीला गणित सांगावं तसं. त्यांचा नवरा वर्षांप्रमाणे जगतच नव्हता. तो रस्त्याप्रमाणे जगायचा. सोमवारी पुलापासून डाव्या हाताची घरं, मंगळवारी उजव्या, अशा त्याच्या फेऱ्या ठरलेल्या. चौतीस वर्षं पावलं तीच. घरासमोर उभं राहून लिहायचं, आणि घरी आल्यावर त्या फेरीच्या गठ्ठ्यात, शेजारच्या घराच्या चिठ्ठीला ती टाचायची. आज लिहिलेली चिठ्ठी वीस वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीला, कारण दोन्ही एकाच दाराच्या. गठ्ठा हातात धरून एकेक चिठ्ठी उलटत गेलं की गल्लीतून चालत गेल्यासारखं. ‘शेवटी शेवटी त्यांना दिसेना,’ काकू म्हणाल्या, ‘तर मी वाचायचे आणि ते डोळे मिटून चालायचे. आता वळ म्हणायचे. वळायचं, म्हणजे मी पान उलटायचं. त्यांना कशाला जागा लिहायची गरज? चिठ्ठी जिथे टाचली, तीच जागा.’

माझे कान तापले. कानशिलात बसावी तसे. कारण वर्षाप्रमाणे लावायची कल्पना साहेबांची नव्हती. साहेबांनी नुसतं ‘लावा’ म्हटलं होतं. कल्पना माझी होती. पहिल्या दिवशी मी त्या पेट्या उघडल्या, आत सुतळीनं बांधलेले गठ्ठे, त्यात वीस सालांचे कागद एकात एक, आणि मला दया आली होती. खरंच, दयाच. बिचारा, मनात म्हटलं, शिकलेला नव्हता, जे हाताला आलं ते टोचत गेला. मला कॉलेजात इतिहासात पदक आहे. माझ्या वह्यांत मथळे लाल, सनावळ्या हिरव्या. मी तीन आठवडे ते गठ्ठे सोडवत होते आणि मला सुख होत होतं. लहानपणी आईच्या सुयादोऱ्याच्या डब्यात गुंता झाला की ती तो मला द्यायची, ‘तुझं डोकं स्वच्छ आहे’ म्हणायची. त्याच स्वच्छ डोक्यानं मी साडेतीन हजार कागदांचं एक आख्खं गाव उसवलं, सालवार रचलं, पांढऱ्या फायलींत घातलं आणि वर सुंदर अक्षरात लेबलं लावली. एका माणसानं चौतीस वर्षं चालून केलेली वाट मी एकवीस दिवसांत पुसली आणि साहेबांकडून शाबासकी घेतली.

‘विहिरीचं काही बोलले होते का ते?’ मी विचारलं.

‘बोलले होते की. पालिकेत जाऊन सांगून आले. तीनदा. तिसऱ्यांदा तिथला साहेब म्हणाला, तुम्ही मीटर वाचता ना, मग मीटर वाचा. मग हे गप्प बसले आणि लिहायला लागले जास्त.’ काकूंनी चहाचा कप पालथा घातला. ‘जागा मला नाही माहीत. मी कधी त्या बाजूला चालले नाही, नुसती वाचत होते. आणि आता वाचायलाही तू काही ठेवलं नाहीस.’

मी रागानं घरी आले. कुणावरचा राग हे नीट सांगता येत नाही. भिंगरीनं दूध सांडलं तर तिच्यावर ओरडले, मग तिला पोटाशी धरून बसले, मग ती सुटायला धडपडायला लागली म्हणून पुन्हा ओरडले. नवरा म्हणाला, ‘अगं, एकवीस वर्षांत कुणी पडलं का? म्हणजे असेल कुणीतरी बुजवलेली.’ मी म्हटलं, ‘कुणी पडलं नाही, हे तरी कुणी लिहून ठेवलंय का?’ म्हणाला, ‘तू आता प्रत्येक गोष्टीत विहीर बघणार.’ म्हटलं, ‘हो.’ तो सासूबाईंच्या खोलीकडे बघून हळू आवाजात म्हणाला, ‘करार संपायला दोन महिने आहेत, उगाच साहेबांशी वाकडं नको.’ त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं, त्याचाच राग आला. बरोबर बोलणाऱ्या लोकांनी आजवर किती विहिरींवर मुरूम पसरला असेल.

टाचण्या मी फेकल्या होत्या, पण टाचण्यांनी कागद सोडला नव्हता. हे मला दुसऱ्या दिवशी भिंगासमोर बसल्यावर दिसलं. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात दोन भोकं आणि त्यांच्यामधून गंजाची एक तांबूस रेघ; कुठे लांब, कुठे आखूड, कुठे तिरकी. आणि जिला जी चिकटून होती तिच्या पाठीवर तीच रेघ, उलटी, फिकट, आरशात बघावी तशी. म्हणजे जोड्या लावता येत होत्या. साडेतीन हजार कागदांत एका कागदाची शेजारीण शोधायची. मी चार दिवस तेच केलं. संस्थापकांची फाइल तशीच पडली. साहेब दारातून डोकावले की मी एखादी जाड नोंदवही उघडून समोर धरायची, शाळेत पुस्तकाआड चिंचा खायचो तशी. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास अकराशे सत्तावीसची रेघ जुळली. मी ओरडलेच. आणि लगेच दिसलं की त्या चिठ्ठीला भोकं दोन नाहीत, चार आहेत. दोन रेघा. त्यांनी ती एकदा एका ठिकाणी टाचली होती आणि मग काढून दुसऱ्या ठिकाणी. आधी कुठे आणि मग कुठे, हे गंज सांगत नव्हता. पहिली रेघ जुळत होती ती ‘लाकडाच्या वखारीचं मागचं आवार’ या चिठ्ठीशी. दुसरी जुळत होती ‘मिठाच्या गोदामामागे’ या चिठ्ठीशी. गोदाम अजून आहे, गावाबाहेर, बंद पडलेलं. लाकडाची वखार जाऊन तिथे चार वर्षांपूर्वी बालवाडी झाली. मागच्या आवारात घसरगुंडी आहे, दोन झोके आहेत. त्या घसरगुंडीवर रोज सकाळी साडेनऊ ते साडेबारा माझी भिंगरी असते.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मी चपला घातल्या की नाही आठवत नाही. बालवाडीच्या मोठ्या बाईंच्या टेबलावर मी दोन चिठ्ठ्या आपटल्या हे आठवतं, आणि त्या ‘बसा तरी’ म्हणाल्या हे. घसरगुंडीच्या पायथ्याशी भिंगरी उड्या मारत होती. मी तिला उचलून बाहेर फाटकापाशी आणली आणि मग आत वळून बाकीच्या बावीस मुलांना बाहेर काढायला लागले. मोठ्या बाई शहाण्या. त्यांनी वाद घातला नाही, पालकांना फोन लावले. पहिल्या दहा फोनांत एक वकील होते, एक दाताचे डॉक्टर होते, आणि सातव्या फोनावर आमचे साहेब होते, कारण त्यांचा नातू मोठ्या गटात आहे. तासाभरात आवाराला दोरी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पालिकेचं खोदायचं मशीन फाटकातून आत येईना म्हणून फाटक काढलं. साहेब स्वतः उभे होते, डोक्याला रुमाल बांधून. ‘मॅडमनी शोधून काढलं,’ असं ते लोकांना सांगत होते, ‘आपल्या इतिहास विभागातून.’ मशीननं घसरगुंडी उखडली, झोके उखडले, सहा ठिकाणी दीड पुरुष खोल खोदलं. घट्ट काळी माती. एक फुटका तांब्या आणि लाकडाच्या भुशाचा थर. विहीर नव्हती.

लोक हसले, पण सुटल्यासारखे हसले. मला विहीरवाली हे नाव तिथल्या तिथे पडलं. साहेबांनी खांदे उडवले, ‘चला, जिवाचा घोर गेला.’ नवऱ्यानं संध्याकाळी चिडवलं, ‘झालं समाधान? आता पृथ्वी पक्की आहे ना?’ आणि मी हसले. हेच मला लिहायचं आहे, बाकी सगळं याच्यापुढे काही नाही : मी हसले. मला मोकळं वाटलं. मी त्या रात्री किती दिवसांनी गाढ झोपले. बुधवारी सुट्टी घेतली, भिंगरीला न्हाऊ घातलं, तिचे कपडे उन्हात टाकले, गाणं गुणगुणले. गुरुवारी सकाळी, बालवाडी खोदलेली असल्यामुळे ती घरीच, मांडीवर बसवून तिची नखं कापत होते. उजव्या हाताची पाच झाली, डाव्या हाताचा अंगठा धरला, आणि एकदम कळलं की जागा दोन होत्या. वखारीच्या आवारात विहीर नाही याचा अर्थ विहीर नाही असा नव्हे. याचा अर्थ ती गोदामामागे आहे. हे दोनांतून एक वजा करण्याचं गणित होतं, आणि पदक मिळालेल्या बाईला ते करायला दोन दिवस लागले, कारण तिचं मूल एकाच्याच बाजूला होतं.

साहेबांना फोन केला. ‘गोदामामागे?’ ते म्हणाले. ‘अहो मॅडम, तिथे कोण जातं?’

‘कुणी जात नाही?’

‘पडीक आहे सगळं. आता एकदा मशीन मागवून हसं झालंय. दुसऱ्यांदा कुठल्या तोंडानं मागू? प्रदर्शनानंतर बघू.’

सासूबाई दवाखान्यात गेल्या होत्या, भिंगरीला ठेवायला कुणी नव्हतं. मी तिला कडेवर घेतलं आणि रिक्षा केली. गोदामापर्यंत डांबरी रस्ता जात नाही, शेवटची दहा मिनिटं चालावी लागतात. मी चालत होते आणि मनात साहेबांशी भांडत होते, एकेक वाक्य घासून धारदार करत होते, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते वाक्य वळून माझ्याकडेच टोक करत होतं. गोदामाची भिंत संपली तशी मी वळले. तिथे कुणी जात नव्हतं हे खरं. तिथे लोक राहत होते. ताडपत्रीच्या पंधरा-वीस खोपट्या, वाळत घातलेले कपडे, पाण्याचे डबे ओळीनं. पलीकडच्या रस्त्याच्या कामावरची माणसं असणार. मोठी माणसं कामावर गेलेली होती बहुतेक. मधल्या मोकळ्या मुरमावर सात-आठ पोरं होती आणि ती नाचत होती. नाच म्हणजे काय, एकेकानं पळत यायचं आणि एका ठरलेल्या जागी दोन्ही पायांवर धपकन उडी मारायची. मला आधी कळलं नाही. मग आवाज ऐकू आला. उडीबरोबर खालून एक घुमारा येत होता, रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा, पण खोल, आणि पोरं खिदळत होती. कुणाची उडी जास्त घुमते याची पैज चालली होती. सात-आठ वर्षांची एक मुलगी, केस उन्हानं पिंगट झालेले, सगळ्यांना मागे सारून लांबून धावत निघाली.

मी भिंगरीला खाली टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. धावले आणि त्या मुलीचा दंड धरून तिला अशी ओढली की ती फरफटत बाजूला पडली. तिच्या दंडावर माझी चार बोटं उठलेली मला दिसली. ती रडली नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच चोर आहे. ‘आमचा ढोल आहे तो,’ ती म्हणाली. मी बाकीच्यांवर ओरडत होते, मागे व्हा, मागे व्हा, आणि ती हलत नव्हती म्हणून दगड उचलून धमकावत होते. मागे भिंगरी भोकाड पसरून रडत होती.

खोपटीतून एक बाई आली, ओल्या हातांनी, माझ्याच वयाची. ‘पोरीला हात का लावला? कोण तुम्ही?’

मी सांगितलं. धड सांगता येत नव्हतं, दम लागला होता. विहीर, फळ्या, चिठ्ठी. मला वाटलं ती घाबरेल, मुलीला ओढून घेईल, माझे आभारबिभार मानेल. तिनं हातांचं पाणी झटकलं.

‘पोकळ आहे ते माहितीये आम्हाला,’ ती म्हणाली. ‘पहिल्याच दिवशी आवाज आला. मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, पोकळ आहे तर नाचू नका. मग कामावरच्या साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, नगरपालिकेत अर्ज द्या. अर्ज दिला. दोनदा.’

‘केव्हा?’

‘चार महिने झाले.’ तिनं हात पदराला पुसले. ‘पोरांना किती बांधून ठेवणार? आम्ही दिवसभर तिकडे. आज ताप होता म्हणून मी घरात, नाहीतर तुम्हाला भांडायलाही कुणी भेटलं नसतं.’ मग माझ्या हातातल्या दगडाकडे बघून म्हणाली, ‘आणि हा कुणासाठी?’

मी दगड टाकला. तिनं मुलीचा दंड बघितला, मुलीच्याच पाठीत एक धपाटा घातला, आणि आम्ही दोघींनी मिळून डबे, लाकडं, एक मोडकी खाट असं काय काय आणून त्या जागेभोवती लावायला सुरुवात केली. ती माझ्याशी बोलत नव्हती. पोरं चिडून दूर बसली होती, त्यांचा खेळ मोडलेला होता. जवळून बघितल्यावर मुरमाला मधे एक खळगा दिसला, परातीएवढा, आणि त्याच्या कडेनं मुरूम मुंगीच्या वारुळासारखा बारीक बारीक आत झरत होता.

मी पुन्हा साहेबांना फोन लावला. सापडली, म्हटलं. इथे वस्ती आहे, म्हटलं, मुलं आहेत. ‘बरं बरं,’ साहेब म्हणाले, ‘कळवतो मी पालिकेत. पण आज गुरुवार, उद्या त्यांची बैठक असते. सोमवारी बघू. तोवर त्यांना सांगा, लांब राहा म्हणावं.’ बाई ऐकत होती. साहेबांचा आवाज मोठा आहे, फोनबाहेर येतो. तिच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा हललं नाही. हे तिला पाठ होतं. आणि माझ्या आत इतके दिवस जे उकळत होतं ते एकाएकी शांत झालं, थंड झालं, कारण मला कळलं की काय बोललं म्हणजे चालतं. ते मला मंगळवारीच कळायला हवं होतं.

‘साहेब,’ मी म्हटलं, ‘माझी मुलगी इथे आहे.’

‘कुठे?’

‘त्या जागेपासून दहा पावलांवर. आणि काम होईपर्यंत आम्ही दोघी इथून हलणार नाही.’

‘अहो, वेड लागलंय का तुम्हाला? एवढ्याशा पोरीला घेऊन? काही झालं म्हणजे? थांबा. हलू नका. तिला घट्ट धरा. मी बघतो.’

जीप बावीस मिनिटांत आली. तिच्यामागे एक टेम्पो, त्यात पत्रे, लोखंडी गज, दोऱ्या, पाच माणसं आणि कागदाची सुरळी हातात घेतलेला एक इंजिनिअर. तो उतरला तोच ‘मुलगी कुठाय?’ विचारत उतरला. वस्तीतल्या पोरांनी हात वर केले, सातही जणांनी. त्यानं त्यांच्या डोक्यांवरून बघितलं आणि माझ्या कडेवरची भिंगरी दिसल्यावर हुश्श केलं.

माणसं पत्रे उतरवायला लागली. गज ठोकायचे आवाज सुरू झाले. बाई खोपटीला टेकून उभी होती. तिनं जीपकडे बघितलं, टेम्पोकडे बघितलं, मग माझ्याजवळ आली आणि भिंगरीला खालपासून वरपर्यंत न्याहाळत राहिली. तिच्या पट्ट्याच्या बुटांपासून, रडून लाल झालेल्या नाकापर्यंत. मला वाटलं ती तिला घ्यायला हात पुढे करतेय.

‘हिला उद्यापण घेऊन या,’ ती म्हणाली. ‘आम्हाला नळ पाहिजे.’